पातळ झालेला रंग

डाव्या मडगार्डच्या टोकाला, बोटभर जागेत, लाल रंग बाकीच्या गाडीपेक्षा पातळ झाला होता. सकाळच्या तिरप्या उन्हातच ते कळायचं. खालचा तपकिरी थर आतून दिसू लागला होता. आज त्या जागेवर फाटकाच्या खांबाचा पांढरा चुना होता. तनुजानं फडक्यावर पॉलिश घेतलं आणि तिचे सासरे, तात्या, बाहेर यायच्या आत चुना पुसून ओरखडा घासायला लागली.

या हिवाळ्यात हे बऱ्याचदा झालं होतं. तात्यांना डाव्या डोळ्यानं कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं होतं, गाडी बंद. तात्या हसून "बघू" म्हणाले होते आणि तनुजा गप्प राहिली होती. कॉलेजात ती पोरांना प्रकाशाचे नियम शिकवायची, पण घरी हे एवढं सांगणं तिला जमत नव्हतं.

"तूच सांग," नवरा म्हणायचा. "माझ्यावर ओरडतील. तुझं ऐकतील."

ऐकतील, म्हणूनच सांगवत नव्हतं. ती लग्न होऊन आली त्या पहिल्या थंडीत, चितेगावच्या मोकळ्या रस्त्यावर, याच दोन सीटच्या उघड्या गाडीत तात्यांनी तिच्या हातात स्टीअरिंग दिलं होतं. पाय क्लचला पुरत नव्हता, म्हणून पाठीशी उशी लावली होती. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, सून टप उघडून हिंडती. तात्या म्हणाले, "मग काय बुरखा घालू का गाडीला?" ज्यानं दिलं, त्याच्याच हातातून ते काढून कसं घ्यायचं?

आज कन्नडला तात्यांच्या दोस्ताच्या, साहेबरावांच्या, शेतात हुरडा होता. म्हणजे वेरूळचा घाट, धुकं, समोरून येणारे ट्रक. दरवर्षी जाताना तात्या चालवायचे.

घडीच्या कापडी टपाला मागं असलेल्या प्लास्टिकच्या काचेवर तिनं गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पसरला. एवढ्यात कानटोपी आणि मफलर घालून तात्या पायऱ्या उतरून आले. चावी त्यांच्याच हातात होती.

"झाली का गं गाडीची आंघोळ?"

"दोन मिनिटं थांबा. गार असताना दुमडली तर काच तडकेल."

"हे मलाच शिकव आता."

"तुमच्याकडूनच शिकले."

"लई चांगला मास्तर मिळाला बघ तुला."

काच मऊ झाली. दोघांनी दोन बाजूंनी टप धरला, न बोलता घडी घातली, पट्टे आवळले. तात्या दार उघडून स्टीअरिंगमागे बसायला गेले. गुडघा खालून स्टीअरिंगवर आपटला. दुसरा पाय आत ओढून घेतला, तर तो दाराला अडला. एवढा उंच माणूस पोरांच्या पाळण्यात बसल्यासारखा दिसत होता.

तनुजानं वाकून पाहिलं. सीट पार पुढं आणून बोल्टनं जागच्या जागी पक्की केलेली होती. काल दुपारी तात्या एकटेच गाडी घेऊन गयास मिस्त्रीकडे बॅटरी दाखवायला गेले होते. संध्याकाळी गयास गाडी आणून लावून गेला होता.

"गयासभाईंची काहीतरी चूक झालीय. थांबा, फोन लावते."

"फोन ठेव. गयास बिचारा नाय नाय म्हणत होता. मीच करायला लावलं."

"तुम्ही? आणि तुमचे पाय?"

"क्लच बघ."

क्लचच्या पेडलवर अॅल्युमिनियमचा जाड ठोकळा बसवलेला होता. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. तिनं नजरेनंच अंतर मोजलं. सीटपासून ठोकळ्यापर्यंत तिचा पाय नेमका पुरला असता.

"उशी आता लागायची नाय," तात्या म्हणाले.

तनुजानं हातातलं फडकं मागं लपवलं.

"लपवू नको. रोज हात फिरवतो मी तिथनं. घासून घासून रंग पातळ केला तू. डोळे गेलेत माझे, बोटं नाय गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, पोरगी एवढी मेहनत करती, करू द्यावी." ते हसले, मग हसू ओसरलं. "काल फाटकातून निघालो तर डावीकडून घंटी वाजली. सायकलवर पोरगी होती. शाळेतली. दिसलीच नाय मला. घंटी ऐकून वळवली, म्हणून खांबाला घासली. पोरगी गेली आपली टाटा करून." त्यांनी स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "तसाच हळूहळू गयासकडं गेलो. म्हटलं, काढ पाना."

चावी त्यांनी अजून सोडली नव्हती. दुमडलेल्या पायांनी ते तसेच बसून होते, समोर बघत. फाटकाबाहेरून पोरं शाळेला निघाली होती.

"सीट बसवून आणली," ते म्हणाले. "त्याच्या पुढचं मला बोलवत नाय. तू बोल. कॉलेजात तास तासभर बोलती की."

तनुजानं फडकं खाली ठेवलं. दार पूर्ण उघडलं आणि त्यांना धरायला हात पुढं केला.

"तात्या, उतरा," ती म्हणाली. "आजपासून गाडी मी चालवणार."