मॅडम आल्यापासून

"बाई खुर्चीत बसली आन् सगळी मजा गेली," असे म्हणून प्रेमदासने चहाची बशी खाली ठेवली.

हे बोलणे दूरचित्रवाणीवरील मालिकेविषयी आहे, हे वसरामच्या ओसरीवरील सर्वांस ठाऊक होते. 'साहेब दौऱ्यावर' ही तहसील कचेरीची विनोदी मालिका गेली अकरा वर्षे चालू होती. त्यांपैकी नऊ वर्षे त्यातील साहेब कधीही जागेवर सापडले नाहीत, आणि त्यांच्या माघारी कारकून मंडळींनी जो धुमाकूळ घातला त्यावर कनेरगाव नाक्याजवळील हा तांडा व प्रेमदासचे डोंगरकडा गाव सारखेच हसले होते. दोन वर्षांपूर्वी साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या.

तथापि त्या दुपारी ओसरीवर कोणी हसत नव्हते. प्रेमदास आपला मुलगा जगन याला घेऊन त्याच्याकरिता वसरामची मुलगी पुजा पाहावयास आला होता. मुलगी पसंत पडली होती. तांड्याचे नायक भीमसिंग यांच्यासमोर गुळाचे ताट मांडले होते. नायकाच्या हातचा गूळ दोन्ही बापांनी एकदा तोंडात घातला, की शब्द फिरवता येत नसे. पुजास मात्र सोमवारी पुसेगावी तलाठी म्हणून रुजू व्हावयाचे होते. लग्नानंतर ती नोकरी राहील की जाईल, हा प्रश्न अद्याप कोणी उघडपणे विचारला नव्हता.

"पहिले कसं व्हतं," प्रेमदास पुढे बोलू लागला, "साहेब न्हाई म्हंजी कचेरी नुसती लग्नघर. कोणी वांगे निवडून राहिला, कोणी घोरून राहिला. आता ती बाई दहाच्या ठोक्याला दारात उभी. घरी लेकरू रडून राहिलं आन् ही फायली तपासती. याच्यात हसावं काहून?"

"फायलीत बी हसू हाय की," नायक म्हणाले. "तिनं कपाटातून नऊ वर्षांचे अर्ज काढले, त्याच्याखाली खेळायच्या पत्त्यांचा जोड निघाला. म्या तर पोट धरलं."

"नायक, तुमचं सोडा. तुमी मागं मयतीत बी हसले व्हते."

नायक ओशाळून गुळाचे ताट सरळ करू लागले. प्रेमदास वसरामकडे वळला.

"वसरामभाऊ, तुमी सांगा. मालिका बिघडली का न्हाई?"

वसरामने एकवार ताटाकडे पाहिले. आतल्या दाराशी पुजा उभी होती व तिच्या पाठीशी तिची आई जिवनबाई. तिकडे त्याने पाहिले नाही.

"व्हय," तो म्हणाला. "बिघडली जरा."

"जरा?"

"लई बिघडली."

"बापू," पुजा दारातून म्हणाली, "परवाच तुमी म्हणले, मॅडमसारखा साहेब आख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

जिवनबाईने तिचा दंड धरला. प्रेमदास हसला, परंतु त्या हास्यात आनंदाचा लवलेश नव्हता.

"पोरगी घरात बी फायली तपासती वाटतं! ठीक हाय. नायक, वाटा गूळ. नोकरीचं आमी पाहून घेऊ, सोमवारची घाई न्हाई."

अखेर तो प्रश्न विचारल्यावाचूनच त्याचे उत्तर मिळाले होते.

नायकांनी गूळ फोडला आणि रीतीप्रमाणे पहिला खडा मुलीच्या बापाच्या तळहातावर ठेवला. सर्वांची दृष्टी त्या हातावर खिळली. हात ओठांपर्यंत गेला. तेथे थबकला. मग हळूहळू खाली आला.

"न्हाई बिघडली," वसराम म्हणाला.

"काय?"

"मालिका. न्हाई बिघडली." त्याने एकवार आतल्या दाराकडे पाहिले. "मॅडम आल्यापासून म्या एक बी भाग चुकवला न्हाई, प्रेमदासभाऊ."

आणि काचेची वस्तू ठेवावी तशा जपणुकीने त्याने तो खडा पुन्हा ताटात ठेवला.

प्रेमदास उठला. खांद्यावरचा गमछा झटकून तो ओसरीच्या पायऱ्या उतरला आणि एका पायात त्याने चप्पल सरकवली.

"जगन, ऊठ. गाडी काढ."

जगन आल्यापासून एक शब्दही बोलला नव्हता. मान खाली घालून तो बोटाने सतरंजीची शिवण चाचपीत होता. त्याने मान वर केली नाही आणि तो उठलाही नाही.

"बापू," तो म्हणाला, "म्या बी न्हाई चुकवला."

प्रेमदासचा दुसरा पाय चपलेवर तसाच अधांतरी राहिला.