मास्तरांचं नाक

"डोळे मिटा आजोबा. हा कसला वास?"

डॉक्टरीणबाईने चौथी डबी मास्तरांच्या नाकाखाली धरली. लवंगेचा घमघमाट खोलीभर सुटला होता.

"कसलाच नाही," मास्तर म्हणाले.

"ढोंगं नुसती!" त्यांची बायको खुर्चीतूनच कडाडली. "बाहेर बसलेल्या शिपायालासुद्धा आला असेल. कापड हुंगून भेसळ सांगणारा माणूस हा, आणि म्हणे कसलाच नाही! मी यांना हात दाखवायला आणलंय हो, नाक नाही."

हात खरंच बिघडला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट सारखे न दिसणारा दोरा वळत बसायचे. पंधरा दिवसांपूर्वी गिऱ्हाइकाच्या कापडावर मास्तरांची कात्री वाकडी गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा कुठे त्यांच्या बाई घाबरल्या.

"वास कधीपासून येत नाही?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

मास्तरांनी हळूच बायकोकडे पाहिलं. "असतील दहाएक वर्षं."

"नऊ," बाई म्हणाल्या. "थाप मारायची तर हिशेबाने मारावी."

त्यांची नऊ वर्षं लेकीच्या लग्नापासून सुरू होत होती.

शिलाईच्या त्यांच्या दुकानात कापणं आणि शिवणं मास्तरांचं, काज-बटण आणि इस्त्री बाईंची. बाईंचा पाय एका जागी ठरायचा नाही. गरम इस्त्री कापडावर टेकवून खुशाल आत जायच्या. कापड तापलं की कापायच्या टेबलावरून मास्तरांची हाक यायची, "अगं, इस्त्री!" बाई धावत यायच्या. कधी एक डाग पडला नाही. इस्त्री माझी, नाक त्यांचं, असं त्या गिऱ्हाइकांना ठसक्यात सांगायच्या.

लेकीने जुळवलेलं लग्न मास्तरांना पसंत नव्हतं. महिनाभर धुमसले, मग राजी झाले. जावयाचा कोट स्वतः शिवला, अकरा दिवस खपून. लग्नाच्या सकाळी बाईंनी शेवटचा हात फिरवायला घेतला, तेवढ्यात लेकीने आतून हाक मारली. परत आल्या तेव्हा कोटाच्या पाठीवर इस्त्रीएवढं काळं भोक होतं. आणि मास्तर दोन हातांच्या अंतरावर मान खाली घालून अस्तर कापत होते.

"मला वास आला नाही गं," ते म्हणाले होते. तोंडावरची माशी हलत नव्हती. ना दुःख, ना लाज.

"जाळलात ना कोट? झाली हौस?" बाई घरभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. लेक धावत आली. तिने कोट पाहिला, बापाचा तो दगडासारखा चेहरा पाहिला आणि काय समजायचं ते समजली. इस्त्री कुणी टेकवली हे तिने विचारलं नाही. बाईंनी सांगितलं नाही. जावई मागून आणलेल्या कोटात उभा राहिला, बाह्या चार बोटं आखूड.

तेव्हापासून लेक माहेरी यायची ती मागच्या दाराने. आईपाशी स्वयंपाकघरात बसायची, पोटभर बोलायची आणि दुकानाकडे न बघता जायची. नातवंडं आजोबांच्या मांडीवर कधी बसली नाहीत. आणि बाई? त्या मास्तरांशी भिंतीला सांगितल्यासारखं बोलायच्या. "जेवण वाढलंय म्हणावं."

डॉक्टरीणबाईने डब्यांची झाकणं लावली. मास्तरांच्या गळ्यात राहून गेलेल्या मापाच्या पट्टीकडे पाहून ती म्हणाली, "आजी, मशीनच्या बॉबिनमध्ये दोरा गुंततो ना, तसं होतं या कंपवाताच्या आजारात. मेंदूतल्या पेशींच्या आत गुंते होतात आणि पेशी मरत जातात. पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात वासाच्या जागेपासून होते. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. बाहेरून काही कळत नाही."

बाईंनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"चेहराही हळूहळू आखडतो," ती पुढे म्हणाली. "आत हसू असतं, रडू असतं, वर येत नाही. घरच्यांना वाटतं, माणूस रागावलाय."

"औषधाने वास परत येईल का?" बाईंनी विचारलं.

"हाताला आराम पडेल. वास बहुतेक नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, आजी."

बाहेर बाकावर मास्तर स्वेटरचं बटण लावू लागले. बटण काजात जाईना. बोटं त्याच्याभोवती नुसती फिरत राहिली. बाईंनी तो हात बाजूला केला आणि बटण स्वतः लावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या एवढ्या जवळ बसल्या होत्या.

"इस्त्री मी टेकवून गेले होते," त्या बटणाकडे बघतच म्हणाल्या.

"माहीत आहे. इस्त्री तुझ्याशिवाय कोण धरतं?"

बाईंनी मान वर केली. "मग पोरीला सांगितलं का नाहीत? मी एक कैदाशीण, माझी जीभ उचलली नाही. तुमचं तोंड कुणी शिवलं होतं?"

मास्तरांच्या तोंडावरची माशी हलली नाही. आवाजही इतका बारीक झाला होता की बाईंना कान जवळ न्यावा लागला.

"माझ्यावर ती रुसलीच होती," ते म्हणाले. "तुझ्यावरही रुसली असती, तर मागच्या दाराने तरी कुणाकडे आली असती?"