रामवाडीचा पत्ता

हरेशने रोह्याजवळ वरसेला जुना फ्लॅट घेतला, तेव्हा एप्रिल होता. पूजा म्हणाली होती, “अहो, घ्यायच्या आधी एकदा कोणा इंजिनीयरला दाखवा.”

“भिंती बघ कशा गुळगुळीत हायत! आपण थांबलो तर दुसरा कोणतरी घेईल,” हरेशने तिला गप्प केलं.

जुलैत छत झिरपायला लागलं. एका दुपारी प्लास्टरचा भलामोठा तुकडा लेकीच्या पलंगावर पडला. नशिबाने ती शाळेत होती. मग इंजिनीयर आला. “आतल्या सळ्या गंजल्यात. वरून नुसतं लिंपून झाकलंय. पोरीला घेऊन इथे राहू नका,” एवढंच तो म्हणाला.

पूजा लेकीला घेऊन माहेरी गेली. हरेश मात्र पेटला. ज्याने हा फ्लॅट विकला तो मोतीराम आता पेणला, रामवाडीत दुसरा फ्लॅट घेऊन राहत होता. पत्ता काढून हरेश भर पावसात तिथे पोचला आणि त्याने दारावर थाप मारली.

मोतीरामच्या बायकोने दार उघडलं. तिने हरेशला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या मागे हॉलच्या छताला प्लास्टिकचा कागद बांधला होता आणि स्टुलावर चढलेला मोतीराम त्यात साचलेलं पाणी बादलीत सोडत होता.

हरेशची नजर छताकडे गेली. ते पाहून तिचा चेहरा उजळला.



“फ्लॅट बघायला आलात ना? या की आत! ह्यो पाऊस थांबला की यातलं काय पन दिसत नाय.”