केबलच्या खोलीचं दार

"दार उघडत नाहीये," दरिना म्हणाली.

मिन्चो शिडीवर होता. काठीच्या टोकाला बसवलेला धुराचा डबा त्याने छताच्या डिटेक्टरला टेकवला आणि मान वर करून थांबला. डिटेक्टरचा लाल दिवा लागला. मग त्याने खाली पाहिलं.

"मूठ दाबून ढकल."

"ढकलतेच आहे. बाहेरून काहीतरी अडलंय."

तो सावकाश उतरला. त्यानेही खांदा लावून पाहिला. दार बोटभर सरकलं आणि थांबलं. फटीतून केबलच्या मोठ्या लाकडी ड्रमची कड तेवढी दिसली.

"कंत्राटदाराची माणसं," तो म्हणाला. "अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद झाली की या लोकांना सगळं केंद्र आपलं गोदामच वाटतं."

दरिना मिन्चोची सून. अणुवीज केंद्रातले आगीची सूचना देणारे डिटेक्टर पुसायचे, तपासायचे, बिघडलेले बदलायचे, हे काम दोघं कितीतरी वर्षं जोडीने करत होती. आज तिचा शेवटचा दिवस. तिच्या नवऱ्याला, क्रासीला, जर्मनीत मटणाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. स्वतःबरोबर त्याने तिचंही नाव देऊन टाकलं होतं. दुपारी बस गावातून निघून केंद्राच्या फाटकाशी थांबणार होती. क्रासी सामानासकट तिच्यात असणार होता. दरिनाने फक्त चढायचं होतं.

आज कामावर जायचं काही कारण नाही, असं क्रासी सकाळी म्हणाला होता. दरिना म्हणाली, केंद्राचा पास स्वतः परत द्यावा लागतो. मिन्चो म्हणाला, केबलच्या खोलीची चाचणी एकट्याने होत नाही. क्रासीने कप भिंतीवर आपटला, पण जाऊ दिलं.

खोली तळघरात होती. दोन्ही भिंतींना छतापर्यंत केबल. खिडकी नाही. गरम रबराचा वास घशात बसत होता. मोबाईल फाटकावर जमा, आणि या भिंतींतून वॉकीटॉकी चालत नसे.

"आपले डिटेक्टर आहेत की!" दरिना म्हणाली. "द्या धूर. कंट्रोल रूममध्ये घंटा वाजेल."

"वाजतेच आहे, पोरी. सकाळपासून वाजतेय. आपणच खाली येण्याआधी त्यांना फोन करून सांगितलंय ना, या खोलीची घंटा वाजली तर लक्ष देऊ नका म्हणून? आता इथे खरोखर आग लागली तरी ते कॉफी पीत म्हणतील, म्हातारा मन लावून काम करतोय."

तरी तो पुन्हा शिडीवर चढला. एकेका डिटेक्टरला त्याने परत धूर दिला. एकेक लाल दिवा लागला. कोणी आलं नाही.

दरिनाने दारावर तळहात मारला. "कोणी आहे का?"

"मोठ्याने ओरड ना."

"घसा सुकलाय. तुम्ही पान्याने ठोका."

मिन्चोने पाना काढला, दोनतीनदा ठोकला आणि खांदा चोळत खाली बसला. "आता पूर्वीसारखा जोर राहिला नाही."

तीही शेजारी बसली. प्रवासासाठी बांधून घेतलेली बानित्सा, चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, तिने सोडली आणि मोठा तुकडा त्याच्यापुढे केला.

"ही तुम्हा दोघांच्या प्रवासासाठी ना?"

"खा हो. इथे गार होऊन काय उपयोग?"

दोघं खात राहिली. शेवटचा तुकडा संपला तेव्हा मिन्चोने घड्याळ पाहिलं.

"बस आली असेल फाटकाशी."

"असेल."

"क्रासी थांबवेल तिला."

"ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही, बाबा."

"चिडेल तो."

"चिडेल," ती म्हणाली आणि बाही मनगटाच्या खाली ओढून घेतली.

मिन्चोने त्या बाहीकडे पाहिलं, मग नजर केबलवर नेली. "लहानपणीही असाच होता. त्याची आई म्हणायची, मोठा झाला की निवळेल. मी तिचं खरं धरलं."

खोलीत उकाडा वाढत होता. तिने उठून पुन्हा दारावर हात मारला आणि कपाळ दाराला टेकवून उभी राहिली.

"पुढच्या आठवड्याला दुसरी बस असते म्हणे," मिन्चो म्हणाला.

"काम परवापासून आहे. ते माझी जागा ठेवणार नाहीत."

"हं. वाईट झालं."

"झालं खरं."

बराच वेळ गेला. मग कॉरिडॉरमध्ये फोर्कलिफ्टचं इंजिन घरघरलं. लाकूड फरशीवरून खरवडत सरकलं आणि दार उघडलं. बाहेर पेप्का होती. फोर्कलिफ्ट चालवणारी, मिन्चोच्याच इमारतीत राहणारी, तोंडाने फटकळ बाई.

"काय हे, पेप्का!" मिन्चो ओरडला. "माणसं आत असताना दारात ड्रम ठेवतेस?"

"माझी बस गेली!" दरिनाही ओरडली.

"गेली," पेप्का म्हणाली. "क्रासी फाटकावर येऊन पहारेकऱ्याच्या सात पिढ्या उद्धरून गेला. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न मारले, तेव्हा चढला एकदाचा. तुझी बॅग मात्र रस्त्यात फेकून गेला हो."

दरिना जमिनीकडे पाहत होती. मिन्चो पाना पुसत होता, पुसलेलाच पुन्हा पुसत होता.

पेप्काने इंजिन बंद केलं आणि आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

"आता पुरे करा हे नाटक. सकाळी आधी हा म्हातारा आला माझ्याकडे. बस जाईपर्यंत दार अडवून ठेव, पण सुनेला कळू देऊ नकोस. तो वळतोय तोच ही बया आली. तेच म्हणणं, फक्त बाबांना कळू देऊ नकोस. म्हटलं, सासरा-सुनेचं इतकं एकमत कुठे बघायला मिळतं? म्हणून मी एकाऐवजी दोन ड्रम लावले."