डॉक्टरांचं नाक

पाकिटातला मासा डॉक्टर दिघ्यांना नुसत्या वासावरून कळायचा. निदान नॉटिंगहॅममधल्या प्रत्येक मराठी पार्टीत ते तसं ऐकवायचे. म्हणून त्यांची बायको सुप्रभा दर शनिवारी दोन बस बदलून मासळीबाजारात जायची. पहिला घास घेताना ते विचारायचे, "कल्ले बघून आणलास ना?"

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात त्यांना स्ट्रोक झाला. वाचा गेली. ऐकू मात्र सगळं येत होतं, कळतही होतं.

पहिल्याच शनिवारी सुप्रभा हॉस्पिटलमध्ये त्यांना चमच्याने सूप भरवत होती. हनुवटीवरचा ओघळ पुसत ती म्हणाली, "अहो, या देशात आल्यापासून तुम्ही पाकिटातलाच मासा खाताय. शनिवारी मी लायब्ररीत वाचत बसायचे आणि येताना सुपरमार्केटमधून पाकीट उचलायचे."

डॉक्टरांचे डोळे विस्फारले.

"ताजा एकदाच आणला. आपल्या मंजिरीच्या पाचव्या वाढदिवसाला, चांगले कल्ले बघून. त्याच दिवशी तुम्ही 'शिळा आहे' म्हणून सगळ्यांसमोर ताट माझ्या अंगावर फेकलंत."

तिने चमचा पुन्हा भरला.

"हं, आ करा."