दोन वाक्यांमधली जागा

"मामा, आतलं ठेवायचं की बाहेरचं, एकदाचं काय ते सांगा," भाची कॉम्प्युटरच्या टेबलाखालून म्हणाली. तासाभरात तिनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

मामांनी नुसते खांदे उडवले. गेल्या आठ महिन्यांत त्यांना इतक्या जणांनी इतकं काही ठरवायला लावलं होतं, की आता चहात साखर किती असं विचारलं तरी त्यांचं डोकं उठायचं. ऑपरेशन करायचं की नाही, कुठल्या डॉक्टरांकडे, कधी. मामींच्या गळ्यात गाठ निघाली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. जीव वाचला, हे काय कमी झालं? आता गळ्याला खाली एक भोक होतं. मामी त्यातून श्वास घ्यायच्या आणि बोलायचं ते पाटीवर लिहायच्या.

आणि आवाज तरी काय साधासुधा होता! बावीस वर्षं मामींनी अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचली. मागच्या खोलीत बसून त्या वाचायच्या, मामा रेकॉर्ड करायचे आणि मग कॉम्प्युटरवर सगळं साफ करायचे. साफ करायचे म्हणजे मुख्यतः श्वास कापायचे. दोन वाक्यांच्या मध्ये मामींनी घेतलेला श्वास पडद्यावरच्या रेघेवर बारीकशा उंचवट्यासारखा दिसायचा. मामा तो उडवायचे आणि तिथे कोरी शांतता भरायचे. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मामी चेष्टेनं म्हणायच्या, ऐकणाऱ्यांना वाटत असेल, ही बाई श्वासच घेत नाही.

हल्ली रोज दुपारी मामा तीच पुस्तकं लावून बसत. पण कॉम्प्युटर जुना, आणि त्यातलं साऊंड कार्ड त्याहून दमलेलं. मामींच्या आवाजामागे सतत खरखर. मामा आवाज वाढवत, की खरखरही वाढे. मामी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेत. एकदा त्यांनी पाटीवर 'पुरे करा ना' असं लिहिलं होतं. मामांनी न वाचल्यासारखं केलं.

खरं सांगायचं तर मामांना ती खरखर चालत होती. मामींच्या गळ्यातून येणारा नवा श्वास शिट्टीसारखा, ओलसर होता आणि दिवसरात्र घरभर ऐकू यायचा. तो मामांना ऐकवत नसे. खरखरीच्या आडोशाला बसलं की निदान दोन तास त्यातून सुटका व्हायची. याची त्यांना लाजही वाटे. पण इतक्या थकलेल्या माणसाला लाज तरी किती दिवस पुरणार?

भाची कॉम्प्युटरचीच कामं करायची. मागच्या खेपेला ती खरखर ऐकून तिचे कान किटले, म्हणून या वेळी ती आपला डॅक घेऊन आली होती. काडेपेटीहून जराशी मोठी डबी, साऊंड कार्डाचंच काम करणारी, पण बाहेरून वायरीनं जोडायची. तिचं म्हणणं असं, की आतलं कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात असल्यामुळे तिथली सगळी गडबड आवाजात उतरते. डबी बाहेर बसते, म्हणून तिचा आवाज स्वच्छ येतो. भाची आज परत जाणार होती. मामांना हवी असेल तरच ती डबी ठेवून जाणार होती.

"लावून तर बघ," मामा शेवटी म्हणाले.

खरखर गेली. मामी बोलू लागल्या, अगदी समोर बसल्यासारख्या. मामांचे डोळे भरून आले. मग वाक्य संपलं आणि पुढे काहीच नाही. कोरं. पुढचं वाक्य आलं, पुन्हा कोरं. कोणी माणूस वाचतंय असं वाटेचना, शब्द कापून ओळीनं चिकटवल्यासारखं वाटायला लागलं. आजवर या फटी खरखरीनं बुजवल्या होत्या. बावीस वर्षं आपण काय कापून टाकलं, ते मामांना असं बसल्या बसल्या कळलं. त्यांनी मामींचा एकही श्वास ठेवला नव्हता. एकसुद्धा.

"काढ गं ती डबी," ते म्हणाले. "जुनंच बरं होतं."

भाची पुन्हा टेबलाखाली शिरली. तेवढ्यात आणखी एक वाक्य संपलं, आणि मामांना श्वास ऐकू आला. लांब, ओलसर.

सवयीनं त्यांचा हात माऊसवर गेला. हा राहिला कसा? त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, तेवढाच भाग मोठा करून पाहिला. दोन वाक्यांच्या मध्ये रेघ सपाट होती. आणि श्वास पुन्हा आला.

मामा वळले. मामी दारात उभ्या होत्या, हातात पाटी धरून. पाटीवर 'चहा घेता?' एवढंच होतं, आणि अक्षरं अंगठ्याखाली अर्धी पुसली गेली होती. बराच वेळ उभ्या असाव्यात. रोजच अशा येऊन, उभ्या राहून परत जात असतील, कोण जाणे. मामांना कधी पत्ताच लागला नव्हता.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली. मामी येऊन बसल्या. रेकॉर्डिंग मामांनी पुन्हा सुरू केलं नाही.

"काढू ना मग?" भाचीनं खालून विचारलं.

"नको, राहू दे," मामा म्हणाले. "त्या खरखरीत मला ही ऐकूच यायची नाही."