वॉशिंग मशीनचा बिंगो

"आत्याचे सगळे आकडे माझ्या उजव्या खिशात आहेत," सेगुंदो बहिणीच्या कानात पुटपुटला. "आणि सारखी माझ्याकडे बघू नकोस, ताई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं."

यास्नाने घाईघाईने मान वळवली. टेकडीवरचा लाकडी हॉल माणसांनी भरला होता. दाराशी डायपरच्या पुड्यांची चळत तिच्या छातीला लागत होती. टेकडीवर कुणाच्या घरी अडचण आली की असा बिंगो भरायचा. एक पुडा द्यायचा, एक कार्ड घ्यायचं. आणि पुकारलेल्या आकड्यांनी ज्याचं कार्ड आधी भरेल त्याला रिबीन बांधलेलं वॉशिंग मशीन. यास्नाचं स्वतःचं.

दुसरं बक्षीस लावण्यासारखं घरात होतं तरी काय? समुद्र खवळल्यामुळे नवऱ्याची बोट बंदरात बांधून पडली होती. लेक मिलाराय तीन महिन्यांची. कोपऱ्यावरचा दुकानदार डायपर सुटेही विकायचा. सुटा घेतला की महाग पडायचा, पण अख्खा पुडा घ्यायची ऐपत असती तर सुटा कोण घेतं? मग एकच डायपर संध्याकाळपर्यंत पुरवायचा. पोरीचं ढुंगण लाल व्हायचं, ती रडायची, आणि तिच्याबरोबर आईही.

पुडे तर हवेच होते. पण पुडे कधीतरी संपणार. मग आले कापडाचे लंगोट, आणि या ओल्या हिवाळ्यात ते हाताने धुवायचे म्हणजे हातांची सालटी निघणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून तर ओर्फेलिना आत्याला मेलिपिया गावाहून बोलावलं होतं. टेकडीवर तिला कुणी ओळखत नव्हतं. तिने वेळेवर "बिंगो!" म्हणून ओरडायचं, आणि मशीन मागच्या दाराने पुन्हा घरी. सगळे आकडे सेगुंदो पुकारणार होता. टेकडीवरचा प्रत्येक बिंगो तोच पुकारायचा.

"दोन बदकं, बावीस!" सेगुंदोने थैलीत हात घातल्यासारखं करून खिशातली आकड्याची गोटी काढली. "येशूचं वय, तेहेतीस!"

"माझंही तेवढंच," उबेरलिंदाबाई म्हणाल्या.

"कधीपासून?" मागून कुणीतरी विचारलं, आणि हॉल खदखदून हसला.

यास्ना चहा वाटत फिरत होती, पण तिचा डोळा होता उबेरलिंदाबाईंवर. बाईंनी आजवर टेकडीवरच्या बिंगोंत एक इस्त्री, एक अख्खं डुकराचं तंगडं आणि मूलबाळ नसताना लहान पोराची सायकल जिंकली होती. आजही त्या मशीनच्या अगदी समोर बसल्या होत्या. कार्डावर एका हाताचा आडोसा, दुसऱ्या हातात खुणेसाठी घेवड्याचे दाणे. आणि शेजारीच आत्या.

"सुंदर पोरगी, पंधरा!" सेगुंदो जरा जोरातच ओरडला. खिशातला शेवटचा आकडा तोच होता.

"बिंगो" काही ऐकू आलं नाही.

यास्नाने आत्याकडे पाहिलं. आत्याची हनुवटी छातीला टेकली होती. स्ट्रॉबेरी घातलेल्या लाल वाइनचे दोन पेले समोर रिकामे होते.

"पंधरा!" सेगुंदो खोकला. "पंधरा म्हटलं मी!"

"ऐकलं रे बाबा," उबेरलिंदाबाई म्हणाल्या. "पुढचा काढ."

काय करतो बिचारा? थैलीत हात घातला. आता मात्र खरोखरच नशिबाचा खेळ सुरू झाला. एकेक आकडा यायचा आणि आता कोण ओरडतंय ते यास्ना टेबलामागून टेबल बघायची. उबेरलिंदाबाई दाणा ठेवायच्या, तोंड उघडायच्या, आणि नुसताच सुस्कारा टाकायच्या.

"आज माझं नशीबच झोपलंय. पोरी, मूठभर दाणे दे गं इकडे."

"इकडेही," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

सेगुंदोच्या कपाळावर घाम आला होता. गोट्या आता थैलीत खुळखुळतही नव्हत्या. तेवढ्यात टोपलीत मिलाराय रडायला लागली. सकाळपासून तोच डायपर होता. यास्नाला एकदम सुचलं. तिने पोरीला उचललं आणि सरळ आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"बाई, जरा धरता का हो? माझ्या हातात किटली आहे."

तीन महिन्यांच्या पोरीने आपलं काम चोख केलं. ऊब मांडीवरून गुडघ्यापर्यंत पोचली, तशी आत्या ताडकन उठली.

"बिंगो!"

कुणी टाळी वाजवली नाही. सगळा हॉल आत्याकडे असा बघत होता, जणू तिने चर्चमधली दानपेटी उचलली होती. पकडलो गेलो, यास्नाला वाटलं. सेगुंदोने मात्र कार्डाकडे न बघताच आकडे धडाधड म्हणून टाकले, "बरोबर! पाहुण्या बाई जिंकल्या!" असं जाहीर केलं, आणि मग कुठे दोनचार टाळ्या पडल्या.

कोट चढवून, मिलारायचा गालगुच्चा घेऊन एकेक जण निघालं. उबेरलिंदाबाई दारात थांबल्या.

"पुढच्या वेळी असल्या बाहेरच्या बायकांना आत घेऊ नकोस, पोरी. आयता घास पळवला मेलीने."

"नशीब असतं एकेकाचं," यास्ना खाली मान घालून म्हणाली.

"डोंबलाचं नशीब!" बाई फणकारल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

हरल्याचा राग, दुसरं काय. दार लागलं तसा सेगुंदो मशीनभोवती नाचायला लागला. आत्या ओला स्कर्ट झटकत त्याला शिव्या घालत होती. यास्नाने आधी मिलारायला नवा कोरा डायपर घातला. पोरगी हातपाय झाडत हसली. यास्नाला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंदच जास्त झालाय, याची आणखी लाज वाटली.

मग दाणे गोळा करायला तिने पातेलं घेतलं. पहिलं कार्ड उबेरलिंदाबाईंचं होतं. ते उचलायला गेलेला तिचा हात थांबला. कार्डावर एकही घर रिकामं नव्हतं.

तिने पुढचं पाहिलं. भरलेलं. त्याच्या पुढचंही. ती पातेलं घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटच्या बाकापर्यंत गेली.

सगळ्या हॉलमध्ये न भरलेलं कार्ड एकच होतं. आत्याचं.